क्वेसारचे वारे आणि त्यांचे बदलते रूप : प्रस्तावना

क्वेसारच्या केंद्रस्थानी सूर्याच्या कोट्यवधी ते अब्जावधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर असते आणि त्याच्याभोवती गरगरत आत सरकणाऱ्या वायूची तप्त तबकडी असते. या तबकडीचा उजेड इतका प्रखर, की भोवतालच्या दीर्घिकेतील सगळ्या ताऱ्यांचा एकत्रित प्रकाशही त्यापुढे फिका पडतो. कृष्णविवर म्हटले की सर्व काही गिळंकृत करणारी वस्तू डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात त्याच्याकडे निघालेला सगळा वायू आत पोहोचत नाही. त्यातला काही भाग तबकडीवरूनच उचलला जातो आणि सेकंदाला हजारो किलोमीटरच्या वेगाने बाहेर फेकला जातो. खगोलशास्त्रज्ञ या प्रवाहाला वारा म्हणतात. काही क्वेसारमधून रेडिओ दुर्बिणींना दिसणारे अरुंद झोतही निघतात. पण ते निराळे. झोत सडपातळ असतात आणि त्यांतील कण प्रकाशाच्या वेगाशी जवळीक करतात. वारा त्या मानाने संथ असतो, पण मोठ्या कोनात पसरतो आणि पुष्कळ अधिक द्रव्य वाहून नेतो.

क्वेसारची खरी ओळख १९६३ साली पटली. मार्टेन श्मिट यांनी पालोमार वेधशाळेच्या २०० इंची दुर्बिणीने घेतलेल्या ३सी २७३ च्या वर्णपटातल्या अनोळखी रेषा म्हणजे हायड्रोजनच्याच परिचित रेषा आहेत, फक्त त्या १५.८ टक्क्यांनी तांबड्या बाजूला सरकल्या आहेत, हे ओळखले. ताऱ्यासारखी दिसणारी ती वस्तू दोनशे कोटी प्रकाशवर्षांहून दूर होती. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६७ मध्ये, रॉजर लिंड्स यांनी पीएचएल ५२०० या क्वेसारच्या वर्णपटाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात तेजस्वी उत्सर्जनरेषांच्या निळ्या बाजूला रुंद, काळोखे खड्डे होते. क्वेसार आणि निरीक्षक यांच्या मधे असलेला वायू प्रकाश शोषत होता आणि तोच वायू निरीक्षकाच्या दिशेने झपाट्याने येत होता. वाऱ्याचा हा पहिला ठळक पुरावा.

या खड्ड्यांचे वाचन कसे होते, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा विषय उलगडत नाही. तीन इलेक्ट्रॉन गमावलेला कार्बन जंबुपार प्रकाशात १५४८ आणि १५५१ अँगस्ट्रॉम या दोन लगतच्या तरंगलांब्यांना प्रकाश शोषतो. शोषणारा वायू क्वेसारकडून आपल्या दिशेने सेकंदाला १०,००० किलोमीटर वेगाने येत असेल, तर ही जोडी सुमारे ५० अँगस्ट्रॉमने निळ्या बाजूला सरकते. म्हणजे वर्णपटातली जागा वायूचा वेग सांगते आणि खड्ड्याची खोली वायूने उगमाचा किती भाग झाकला आहे व त्यात शोषणारे अणू किती आहेत, हे सांगते. खड्डा २,००० किलोमीटर प्रतिसेकंद किंवा त्याहून अधिक रुंद असेल, तर त्या क्वेसारची गणना रुंद शोषणरेषांच्या वर्गात होते. दृश्य प्रकाशातील सर्वेक्षणांत साधारण १० ते २० टक्के क्वेसार या वर्गात पडतात. यांपैकी बहुतेकांत कार्बन, सिलिकॉन, नायट्रोजन यांचे अनेक इलेक्ट्रॉन हरपलेले अणू दिसतात. थोड्या क्वेसारमध्ये एकच इलेक्ट्रॉन गमावलेल्या मॅग्नेशियमच्या, आणि त्याहून थोड्यांत लोहाच्या रेषाही सापडतात. तिथला वायू प्रखर किरणांपासून काहीसा आडोशाला असावा.

वायूला ढकलते कोण, या प्रश्नाचे सर्वांत पटणारे उत्तर म्हणजे प्रकाशच. फोटॉनला वस्तुमान नसले तरी संवेग असतो आणि अणू तो शोषतो तेव्हा त्याला धक्का बसतो. मुक्त इलेक्ट्रॉनवर बसणाऱ्या धक्क्यापेक्षा शोषणरेषांतून बसणारा धक्का शेकडो पट मोठा असू शकतो. मात्र एक अडचण आहे. केंद्राजवळून येणारे क्ष-किरण अणूंचे उरलेसुरले इलेक्ट्रॉनही काढून घेतात, आणि इलेक्ट्रॉनच नसतील तर शोषण नाही, शोषण नाही तर धक्काही नाही. नॉर्मन मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये यावर सुचवले, की वाऱ्याच्या आतल्या कडेला दाट वायूचा एक पडदा असतो आणि तो क्ष-किरण अडवतो. डॅनियल प्रोगा, जेम्स स्टोन आणि टिमथी कॉलमन यांनी २००० साली केलेल्या संगणकीय प्रतिकृतीत असा पडदा आपोआप तयार झाला. वर चढलेला पण निसटू न शकलेला वायूच मागच्या वायूला सावली देत होता. त्या प्रतिकृतीत वारा एकसंध राहिला नाही. त्यात गाठी होत्या, उसळ्या होत्या, दाट वायूचे पुंजके बनत आणि विरत होते. वारा स्थिर नसणार, हे सिद्धांतानेच असे आधी सांगून ठेवले होते.

हे बदल पाहणे महत्त्वाचे का ठरते? दूरच्या क्वेसारचा अंतर्भाग दुर्बिणीत एका बिंदूहून मोठा दिसत नाही. २०१८ मध्ये चिलीतील चार आठ-मीटर दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून ३सी २७३ च्या उत्सर्जनरेषांच्या प्रदेशाचे फिरणे मोजण्यात आले, ती असामान्य कामगिरी होती. पण शोषण करणाऱ्या वायूचे छायाचित्र काढता येईल अशी सोय आजही नाही. तेव्हा वायू कुठे आहे, किती दाट आहे, त्याच्या पुंजक्यांचा आकार केवढा, हे कळण्याचा मुख्य मार्ग म्हणजे त्याच क्वेसारचा वर्णपट पुन्हा पुन्हा घेणे आणि काय बदलले ते पाहणे. जे अवकाशात वेगळे दिसत नाही, ते काळात वेगळे होते. या विषयाचे सगळे बळ या एका गोष्टीत आहे.

अशा मोजणीची पद्धतशीर सुरुवात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाली आणि टॉम बार्लो यांच्या १९९३ च्या प्रबंधाने तिला पाया मिळाला. डॅनियल कॅपेलुपो, फ्रेड हॅमन आणि सहकाऱ्यांनी त्याच जुन्या नोंदींना नव्या वर्णपटांची जोड देऊन २०११ पासून लेखमाला प्रसिद्ध केली. त्यांच्या २४ क्वेसारपैकी ३९ टक्क्यांत चार ते नऊ महिन्यांच्या अंतराने बदल आढळले. चार ते आठ वर्षांच्या अंतराने पाहिले तेव्हा हे प्रमाण ६५ टक्क्यांवर गेले. हे कालावधी क्वेसारच्या घड्याळाचे आहेत. विश्वाच्या प्रसरणामुळे दूरची घटना आपल्याला लांबलेली दिसते. ताम्रसृती, म्हणजे रेषांचा तांबड्या बाजूचा सरकाव, २ असलेल्या क्वेसारचे सहा वर्षे निरीक्षण केले, तर तिथली दोनच वर्षे पाहून होतात. एका संशोधकाच्या हयातीत क्वेसारची फारच थोडी वर्षे बसतात, म्हणून जुने वर्णपट जपून ठेवणे या क्षेत्रात सोन्याच्या मोलाचे आहे.

एकेका क्वेसारऐवजी शेकडो क्वेसार एकदम पाहण्याची संधी स्लोन सर्वेक्षणाने दिली. न्यू मेक्सिकोतील अपाचे पॉइंट येथील २.५ मीटर दुर्बिणीने आजवर साडेसात लाख क्वेसारची यादी सिद्ध केली आहे आणि त्यांतल्या अनेकांचे वर्णपट वर्षांच्या अंतराने पुन्हा घेतले आहेत. नूरतेन फिलिझ आक आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ५८२ क्वेसार तपासले. १९ क्वेसारमधले २१ रुंद खड्डे एक ते चार वर्षांत पूर्ण नाहीसे झाले होते. तपासलेल्या सगळ्या खड्ड्यांत हे प्रमाण सुमारे २.३ टक्के, आणि त्यावरून एका खड्ड्याचे सरासरी आयुष्य शंभर वर्षांच्या घरात येते. इथे नेमके बोलणे आवश्यक आहे. हे आयुष्य वाऱ्याचे नाही. वाऱ्याचा एखादा भाग आपल्या दृष्टिरेषेत किती काळ राहतो, त्याचे ते माप आहे. खड्डा मिटला म्हणजे वारा थांबला, असा अर्थ काढणे घाईचे ठरते. वारा बाजूने वाहतच असू शकतो, फक्त आपल्या आड येत नाही. उलट प्रकारही दिसले आहेत: जिथे आधी काहीच नव्हते तिथे नवे खड्डे उमटले, आणि काही क्वेसारमध्ये मिटलेला खड्डा पुन्हा उघडला.

बदलांमागे मुख्यतः दोन कारणे असू शकतात, आणि त्यांतले कोणते कुठे लागू पडते हा या विषयातला मध्यवर्ती वाद आहे. पहिले कारण हालचालीचे. वायूचा पुंजका कृष्णविवराभोवती फिरता फिरता प्रकाशाच्या उगमासमोरून आडवा जातो आणि त्याने झाकलेला भाग कमीजास्त होतो. अंदाज घेण्यासाठी सूर्याच्या १०० कोटी पट वस्तुमानाचे कृष्णविवर घ्यावे. त्यापासून एक तृतीयांश प्रकाशवर्षावर कक्षेतला वेग सेकंदाला सुमारे ६,५०० किलोमीटर निघतो. जंबुपार प्रकाश देणाऱ्या तबकडीच्या भागाची रुंदी १०,००० कोटी किलोमीटर धरली, तर तो ओलांडायला पुंजक्याला साधारण सहा महिने लागतील. निरीक्षणांत दिसणाऱ्या महिन्या-वर्षांच्या बदलांशी हा आकडा छान जुळतो.

दुसरे कारण प्रकाशाचे. केंद्राचे तेज सतत कमीजास्त होत असते. ते वाढले की अणूंतले आणखी इलेक्ट्रॉन सुटतात, तीन इलेक्ट्रॉन गमावलेला कार्बन चार गमावलेला होतो आणि १५४८ अँगस्ट्रॉमची रेषा फिकी पडते. वायू जागचा हललेला नसतो, त्याची मात्रा तीच असते. फक्त त्याने रूप बदललेले असते. या कारणाची एक खूण आहे. वाऱ्याचे वेगवेगळ्या वेगांचे भाग केंद्रापासून वेगवेगळ्या ठिकाणी असणार, तेव्हा एखादा पुंजका सरकल्यामुळे त्या सगळ्यांत एकदम सारखाच बदल होणे कठीण. पण केंद्राचा दिवा मंद झाला तर तो सगळ्यांना मंद झालेला जाणवतो. फिलिझ आक यांच्या नमुन्यात एक खड्डा मिटलेल्या क्वेसारमधले इतर खड्डेही बहुधा उथळ झाले होते. कॅथरीन ग्रायर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये वर्णन केलेल्या एका क्वेसारमध्ये तर क्वेसारच्या घड्याळाने १.२ दिवसांत कार्बनचा खड्डा बदलला, आणि तोही संपूर्ण रुंदीत एकसारखा. इतक्या थोड्या वेळात पुंजका सरकवायचा तर अवास्तव वेग मानावे लागतील. प्रकाशाचे कारण तिथे सरळ लागू पडते.

तरीही पहिले कारण निकालात निघत नाही. काही खड्ड्यांचा तळ शून्यापर्यंत पोहोचत नाही, पण त्यातला वायू अतिशय दाट असतो. निसर्गात कार्बनच्या मानाने फार विरळ असलेल्या फॉस्फरसची रेषा तिथे दिसते, यावरून कार्बनची रेषा केव्हाच संपृक्त झालेली असणार. संपृक्त रेषेवर अणूंची संख्या थोडी कमीजास्त झाल्याने फरक पडत नाही. असा खड्डा बदलला, तर झाकलेला भागच बदलला असला पाहिजे. निरीक्षणांचा एकूण कल असा, की उथळ आणि अतिवेगवान भाग अधिक बदलतात, खोल आणि मंद भाग कमी. आणि कमी आयनीभूत मॅग्नेशियमचे वारे कार्बनच्या वाऱ्यांपेक्षा शांत असतात. दोन्ही कारणे एकाच क्वेसारमध्ये एकाच वेळी काम करत असणे हेच अधिक संभवते. केवळ दोन वर्णपटांवरून त्यांची फोड करू नये. दोन टोकांच्या मधे काय घडले हे त्यातून कळत नाही, आणि वर्णपटांची संख्या वाढत गेली तसे अनेक ‘सावकाश’ बदल मुळात वर-खाली होणारे चढउतार निघाले.

एक बदल मात्र अपेक्षा असूनही क्वचितच दिसतो, तो म्हणजे वेगाचा. वायूला सतत धक्का बसत असेल तर खड्डा वर्षागणिक अधिकाधिक निळ्या बाजूला सरकायला हवा. ग्रायर यांनी २०१६ मध्ये १४० क्वेसारमध्ये हा सरकाव शोधला आणि त्याची लक्षणे जेमतेम दोघांत आढळली. याचे स्पष्टीकरण धबधब्यात मिळते. वरून पडणारे पाणी वेग घेत असते, तरी एका ठराविक उंचीवर वेग कायम तोच. कारण तिथून जाणारे पाणी दर क्षणी नवे असते. वाऱ्याचा प्रवाह अखंड असेल तर दृष्टिरेषेतला वायू बदलत राहतो आणि वेगांचा आराखडा तसाच राहतो. सुटा पुंजका असेल तरच वेगवाढ दिसेल. तशी एक ठळक नोंद २०२० मध्ये झाली: हबल दुर्बिणीच्या वर्णपटांत एका क्वेसारमधला प्रवाह क्वेसारच्या ३.२ वर्षांत सेकंदाला १९,५०० किलोमीटरवरून २१,०५० किलोमीटरवर गेला होता.

क्ष-किरणांत पाहिले की घड्याळ आणखी भरभर पळते. तिथे लोहाच्या अणूंमुळे पडणारे शोषण प्रकाशवेगाच्या दहाव्या ते तिसऱ्या हिश्शापर्यंत सरकलेले दिसते. १९९७ मध्ये ब्राझीलमधील सर्वेक्षणात सापडलेला पीडीएस ४५६ हा क्वेसार या अभ्यासाचे पीठच बनला आहे. २०१५ मध्ये दोन क्ष-किरण दुर्बिणींच्या एकत्रित निरीक्षणांतून त्याचा वारा सर्व बाजूंना पसरलेला असल्याचे दिसले, आणि पुढे असेही दिसले, की केंद्र तेजस्वी असते तेव्हा वारा अधिक वेगवान असतो. प्रकाशानेच वारा ढकलला जात असल्याच्या मताला यातून आधार मिळतो. जपानच्या पुढाकाराने २०२३ मध्ये अवकाशात गेलेल्या क्रिझम दुर्बिणीने याच वाऱ्यात प्रकाशवेगाच्या २० ते ३० टक्के वेगाने धावणारे पाच निरनिराळे पुंजके वेगळे काढले. आयरास १३२२४-३८०९ या जवळच्या, धाकट्या भावंडासारख्या दीर्घिकाकेंद्रात तर शोषण काही तासांत बदलते. केंद्र उजळले की ते फिके, मंदावले की ते गडद. एनजीसी ५५४८ मध्ये २०१३ साली केंद्रापासून काही प्रकाशदिवसांवरचा दाट वायू आड आलेला आढळला आणि त्याने मृदू क्ष-किरणांपैकी जवळजवळ ९० टक्के अडवले. त्याच वेळी जंबुपार वर्णपटात नवे रुंद शोषणही उमटले. मरे यांनी कल्पिलेल्या पडद्याच्या जातीचा वायू असा प्रत्यक्ष सावली धरताना सापडला.

या सगळ्या मोजणीतून वाऱ्याची ताकद कशी ठरते, ते पाहण्याजोगे आहे. केंद्र मंदावल्यावर सुटलेले इलेक्ट्रॉन अणूंना पुन्हा किती लवकर मिळतात, हे वायूच्या घनतेवर अवलंबून असते. दर घनसेंटिमीटरला दहा हजार इलेक्ट्रॉन असतील तर कार्बनला काही महिने लागतात, दहा लाख असतील तर एखादा दिवस. बदलाचा वेग कळला की घनतेची मर्यादा कळते. घनता आणि आयनीभवनाची पातळी कळली की वायू दिव्यापासून किती दूर असेल ते काढता येते. वाऱ्यातून वाहणारे द्रव्य आणि त्याची गतिज शक्ती या दोन्ही राशी या अंतराच्या सम प्रमाणात असतात, म्हणून अंतरात दहापट चूक झाली तर शक्तीतही दहापट चूक होते. आणि अंतराबाबतच मतभेद सर्वांत मोठे आहेत. तबकडीवरच्या वाऱ्याच्या प्रतिकृती वायूला एका प्रकाशवर्षाच्या आत ठेवतात. नहूम अराव आणि सहकाऱ्यांनी मात्र गंधकाच्या उत्तेजित अणूंच्या रेषा वापरून २०१८ मध्ये दाखवले, की रुंद शोषणरेषांच्या क्वेसारपैकी निम्म्यांत वायू केंद्रापासून ३०० हून अधिक प्रकाशवर्षे दूर आहे. काही वायू जवळ जन्मून तिथेच दिसतो, काही दूरवर दीर्घिकेतल्या वायूला धडक बसून तयार होतो, असे दोन गट असणे शक्य आहे. हा प्रश्न तांत्रिक वाटला तरी त्यावर मोठे काही अवलंबून आहे. केंद्राच्या एकूण तेजाच्या अर्ध्या ते पाच टक्क्यांइतकी शक्ती वाऱ्यात असेल, तर तो दीर्घिकेतला थंड वायू तापवून किंवा हुसकावून ताऱ्यांची निर्मिती रोखू शकतो, असे प्रतिकृती सांगतात. दीर्घिकांच्या गाभ्यातील ताऱ्यांच्या वेगांचा कृष्णविवराच्या वस्तुमानाशी २००० साली उघड झालेला घट्ट संबंधही यातून समजू शकतो.

या कामात महाराष्ट्राचा वाटा प्रत्यक्ष निरीक्षणांचा आहे. पुण्याच्या आयुका संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर गिरवली येथे आहे. एम. विवेक, रघुनाथन श्रीआनंद आणि सहकाऱ्यांनी तिच्या साहाय्याने मॅग्नेशियमचे रुंद शोषण दाखवणाऱ्या क्वेसारवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. २०१२ मध्ये त्यांनी वर्णन केलेल्या एका क्वेसारमध्ये जुना खड्डा विरत गेला, तर त्याहून वेगवान असा नवा खड्डा उमटला आणि पुढे तोही ओसरू लागला. दोन मीटरची दुर्बीण आज लहान गणली जाते. पण तिच्यावर वेळ हमखास मिळतो आणि बदलांच्या अभ्यासाला आरशाच्या व्यासापेक्षा ही सवड अधिक उपयोगी पडते. पुढे श्रीआनंद यांच्या गटाने दक्षिण आफ्रिकेतील मोठ्या सॉल्ट दुर्बिणीने, जिच्यात आयुका भागीदार आहे, अतिवेगवान वाऱ्यांचा असाच पाठपुरावा केला.

दिवस, महिने आणि वर्षे यांच्या पलीकडे आणखी एक काळ आहे, विश्वाच्या वयाचा. तो एका क्वेसारमध्ये पाहता येत नाही. वेगवेगळ्या अंतरांवरच्या क्वेसारची तुलना करावी लागते. मानुएला बिशेत्ती आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ताम्रसृती ५.८ ते ६.६ दरम्यानच्या ३० क्वेसारचे उत्तम वर्णपट तपासले. विश्वाचे वय तेव्हा १०० कोटी वर्षांहूनही कमी होते. त्यांतल्या ४७ टक्के क्वेसारमध्ये रुंद शोषण होते, म्हणजे नंतरच्या काळातल्या प्रमाणाच्या दुपटीहून अधिक. आणि वेगही चढे होते. कृष्णविवरे झपाट्याने वाढत होती त्या काळात वारे अधिक जोरदार आणि अधिक पसरट असावेत, हा त्याचा सर्वांत सरळ अर्थ. त्यानंतर कधीतरी हा जोर ओसरला.

क्वेसारही कायम तेवत नाही. २००७ मध्ये हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेला आयसी २४९७ या दीर्घिकेजवळ एक विलक्षण प्रकाशमान वायुमेघ सापडला. त्याला उजळवण्याइतके तेज त्या दीर्घिकेच्या केंद्रात आता उरलेले नाही. तिथला क्वेसार लाखभर वर्षांच्या आत मंदावला आणि मेघापर्यंत पोहोचलेला जुना प्रकाश तेवढा मागे राहिला. वाऱ्याची गती पाहता याचा परिणाम लक्षणीय आहे. सेकंदाला १,००० किलोमीटर वेगाने सुटलेल्या वायूला दीर्घिकेत ३,२६० प्रकाशवर्षे जायला सुमारे दहा लाख वर्षे लागतात. तोवर ज्या दिव्याने त्याला ढकलले तो अनेकदा विझून पुन्हा पेटलेला असू शकतो. म्हणून दूरवर आढळणाऱ्या प्रवाहाच्या शक्तीला केंद्राच्या आजच्या तेजाने भागून जे गुणोत्तर मिळते, ते त्या प्रवाहाच्या जन्मकाळचे नसते. मंदावलेल्या केंद्राभोवती ते अवाजवी मोठे दिसते, नुकत्याच उजळलेल्या केंद्राभोवती अवाजवी लहान. केंद्राजवळच्या वाऱ्याचे वर्षांत मोजलेले चढउतार आणि दूरच्या वायूत साठलेली लाखो वर्षांची सरासरी या दोन्हींची सांगड घालताना हा फरक हिशेबात धरावा लागतो.